बायकोचा पूर्वपक्ष

जनावरांच्या त्या डॉक्टरांचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्यांच्याबद्दल जे काही लिहीन त्यातून वाचणाऱ्यानं त्या मानानं वजावट करून घ्यावी. ते उंच आहेत, दिसायला बरे आहेत, हसले की सगळ्या खोलीला ऐकू जातं, आणि वर्गाला नेहमी उशिरा येतात. उशिरा येणाऱ्याकडं सगळे माना वळवून बघतात. मी इतकी वर्षं वेळेवर येतो आहे, माझ्याकडं कुणी कधी मान वळवलेली नाही.

वर्ग म्हणजे आमचा रविवारचा अभ्यासवर्ग. कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या कडेला एका खासगी शिकवणीची खोली आहे, ती रविवारी दुपारी आम्हाला मिळते. फळ्यावर शनिवारची रसायनशास्त्राची समीकरणं असतात. ती पुसायची नाहीत अशी अट आहे, त्यामुळं माणसाच्या मुक्तीबद्दल आम्हाला जे लिहायचं ते कोपऱ्यात लिहावं लागतं. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. विषय घेणारी मुलं इतकी कमी असतात की हजेरी घेताना मला मान वर करावी लागत नाही. त्यामुळं रविवारची ती दोन-अडीच तासांची खोली हाच माझा खरा वर्ग होता.

विषयाचं नाव जड आहे: मार्क्सवादी मानवतावाद. पण आत जे आहे ते साधं आहे. माणूस आपल्या हातानं जग घडवतो, आणि मग तेच जग त्याला परकं होऊन त्याच्या मानगुटीवर बसतं. ते पुन्हा त्याचं कसं होईल? आमच्यात शिरवळच्या एका कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ आहेत. ते दिवसभर एक वाकडी पट्टी घडवतात आणि ती कुठल्या यंत्रात कुठं बसते हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. परकेपणाचा विषय निघाला की आम्ही सगळे त्यांच्याकडं बघायचो. पुढं पुढं ते वैतागून म्हणायला लागले, "आवं, दुसरं उदाहरण शोधा की कायतरी."

वर्ग सुरू केला आण्णांनी. ते कॉलेजातून निवृत्त झालेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आम्ही सगळे त्यांना आण्णाच म्हणतो. मार्क्सवादाच्या मूळ पुरुषाची त्यांनी आमच्यापुरती दोन माणसं केली होती, एक तरुण आणि एक म्हातारा. म्हातारा भांडवलाचा हिशेब मांडणारा, तरुण माणसाविषयी बोलणारा. "म्हाताऱ्याला वाचताना तरुणाला विसरू नका," असं आण्णा म्हणायचे. आणि त्या तरुणाच्याही मागं त्याचा जर्मन गुरू, ज्याच्याकडून त्यानं द्वंद्वाची रीत घेतली. एक म्हणणं उभं राहतं, त्याच्या पोटातून त्याचा विरोध निघतो, आणि पुढचं पाऊल पडतं तेव्हा आधीचं फेकून दिलेलं नसतं, ते आत सांभाळलेलं असतं.

ही रीत नुसती शिकवून भागत नाही, ती अंगात भिनली पाहिजे, असं आण्णांचं मत. म्हणून त्यांनी वर्गाला एक नियम घातला. आपल्या जुन्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचे, तसंच. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी उभं राहून त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं. ज्याचं म्हणणं आहे तो "व्हय, हेच" असं म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. तो "न्हाई" म्हणाला तर पुन्हा मांडायचं. आण्णा मूळचे कोरेगावकडचे. शुद्ध बोलत बोलत ते या व्हय-न्हाईला मात्र गावावर यायचे, आणि मग आम्ही सगळ्यांनीच ते उचललं.

या नियमात मी पटाईत होतो. समोरच्याच्या डोक्यात जे नीट जुळलेलं नसायचं तेही मी जुळवून द्यायचो. लोक व्हय म्हणायचे आणि वर खूशही व्हायचे. मग मी त्यांना सावकाश खोडायचो. नवीन माणसाला आण्णा सांगायचे, पूर्वपक्ष कसा मांडावा ते यांच्याकडून शिका. हे ते डॉक्टर यायच्या आधीचं.

डॉक्टर आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातले. बाप आणि चुलते मेंढरं घेऊन कोकणाच्या तोंडापर्यंत जाणारे, हा शिकून जनावरांचा डॉक्टर झाला आणि कोरेगावच्या दवाखान्यात नोकरीला लागला. मोटारसायकलवरून यायचा. (बघा, लिहिता लिहिता मी अरे-तुरेवर आलो.) एकही पुस्तक त्यांनी धड पुरं वाचलेलं नव्हतं. मोबाइलवर दोन पानं वाचायची आणि तिसऱ्यावर प्रश्न विचारायचे. तरी आण्णा त्यांच्या प्रश्नावर थांबायचे, चष्मा काढायचे, विचार करायचे. माझ्या प्रश्नांवर त्यांनी चष्मा कधी काढलेला मला आठवत नाही.

एका शनिवारी डॉक्टर काही टिपणं न्यायला आमच्या घरी आले. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे, आणि माझी बायको ओट्याला टेकून त्यांच्याशी बोलते आहे. ही भूगोलाची शिक्षिका, माहेर जत तालुक्यातलं. शाळेत आणि माझ्याशी ती पुस्तकी मराठीत बोलते. त्या दिवशी तिच्या तोंडून "हुतं", "आलतं", "लय" असं भराभर येत होतं आणि मधूनच एखादा कानडी शब्दही. दोघं कसल्याशा ओढ्याबद्दल बोलत होती. मला बघून डॉक्टर म्हणाले, "सर, ताई वर्गाला का येत न्हाईत?"

मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "मला कधी कुणी विचारलंच नाही."

हे खरं होतं. लग्नाला आमच्या बरीच वर्षं झाली, वर्गाचा चहा तिनं कितीदा थर्मासात भरून दिला, पण येतेस का असं मी तिला विचारलेलं नव्हतं. तिला आवड नाही असं मी धरून चाललो होतो. एकदाच तिनं थट्टा केली होती, की तुमच्या वर्गात माणूस फार आणि माणसं कमी. मी ते आण्णांना आपलं म्हणून ऐकवलं होतं आणि सगळे हसले होते.

पुढच्या रविवारपासून ती येऊ लागली. मागच्या बाकावर बसायची. डॉक्टर तिला ताई म्हणायचे, आणि याचाही मला राग यायचा, कारण ताई म्हणणाऱ्यावर उघड संशय घेता येत नाही. तसा संशय मला नव्हताच. संशय असता तर बरं झालं असतं. त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा मिळाला नाही की तो कधीतरी दमतो. माझ्या पोटात जे होतं त्याला पुरावा लागत नव्हता. दोघं शेजारी बसलीही नाहीत कधी. ती एखादं वाक्य बोलायची आणि डॉक्टर मान हलवायचे, एवढंच व्हायचं. ती मान हललेली मला खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, पाठमोरं असताना, फळ्यावर लिहिता लिहितासुद्धा कळायची.

गंमत अशी, की हेवा हे मालकीचंच एक तोंड आहे, हे मी याच वर्गात शिकवलेलं होतं. तरुणाचा तो विचार माझ्या आवडीचा. सगळ्यांना सारखं वाटून द्या, एवढ्यावर जी समता थांबते ती मालकी मोडत नाही, ती फक्त सगळ्यांचा हेवा एका पातळीवर आणते, असं मी मोठ्या रंगानं सांगायचो. डोळे म्हणजे नुसतं हवं-नको बघायचं साधन नव्हे, मालकी सुटली की माणसाचे डोळे माणसाचे होतात, असंही. ऐकणारे माना डोलवायचे. घरी जाऊन मी बायकोचा मोबाइल उलटा ठेवलेला दिसला तर सुलटा करून ठेवायचो.

तो रविवार परकेपणाच्या चर्चेचा होता. मी मांडणी केली. कामगार जे घडवतो ते त्याचं नाही, काम करणंही त्याचं नाही, म्हणून शेजारचा माणूसही त्याचा नाही. ज्या दिवशी हे सगळं आपलं होईल त्या दिवशी परकेपण संपेल. मागच्या बाकावरून बायको उठली.

"सगळं आपलं झालं म्हणजे बरं होतं का?" ती म्हणाली. "मला तर उलट वाटतं. आपलं झालं की आपण बघायचंच सोडतो."

मी लगेच उत्तर द्यायला सुरुवात केली. आण्णांनी हात वर केला. "आधी पूर्वपक्ष."

मला शरम वाटली. इतक्या वर्षांत नियम मोडायची ही माझी पहिलीच वेळ. मी हसून सावरलं आणि म्हणालो, "हिचं म्हणणं असं, की घरातल्या माणसांना गृहीत धरलं जातं. विशेषतः बाईला. नवरा बाहेर मुक्तीची भाषा बोलतो आणि घरात त्याचं लक्ष नसतं. टीका माझ्यावर आहे आणि मी ती मान्य करतो." मला वाटलं होतं, हा मोठेपणा सगळ्यांना आवडेल.

"न्हाई," ती म्हणाली.

लोक हसले. मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी घर सोडून वर गेलो. बाईचे श्रम, त्यांची मोजदाद नसणं, कारखान्याच्या हिशेबात ते न धरणं, सगळं ओळीनं मांडलं. बोलणं चांगलं झालं. ती शांतपणे ऐकत होती, शाळेत एखाद्या मुलाचं चुकलेलं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतात तशी.

"न्हाई," ती म्हणाली. "हे मला पटतं. पण हे मी म्हटलं नाही."

आण्णांनी विचारलं, "आणखी कुणी?" डॉक्टर उठले. त्या क्षणी ते अडखळावेत, घसरून पडावेत, त्यांचा मोबाइल वाजावा, काहीही व्हावं असं मला वाटलं.

"मला जमंल का न्हाई म्हाईत न्हाई," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडं एखादं कोकरू पोरकं झालं की दुसऱ्या मेंढीला लावत्यात. ती घेत न्हाई. वासावर वळखती, परकं हाय म्हणून ढुसणी मारती. मग आमची आजी त्या मेंढीचंच दूध कोकराच्या अंगाला चोळायची. वास आपला आला की मेंढी गप हुती, पाजती. म्हंजे तिला ते आपलं वाटावं लागतं, तवाच ती पाजती. ताईंचं म्हणणं आसं हाय, की माणूस हितं वेगळा पडतो. परकं हाय हे ठाऊक असून, त्याला परकंच ठिवून माणूस त्येला पाजू शकतो. सगळ्याला आपला वास लावत सुटायचं, ही काय मुक्ती न्हवं. ही मेंढीची रीत झाली."

बायको उभीच होती. तिचा चेहरा असा उजळला की मी खाली बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "व्हय वो, हेच. लय दिवस हेच म्हणत हुते मी."

आण्णांनी चष्मा काढला. ते म्हणाले, हा तर गुरू-चेल्याचा जुना वाद. जर्मन गुरूला वाटायचं, जे जे बाहेर आहे ते शेवटी आपल्यात मुरलं पाहिजे, तेव्हा कुठं परकेपण जाईल. चेला म्हणाला, बाहेर असणं हा रोग नव्हे. जग बाहेर असतं, दुसरा माणूस दुसराच असतो. रोग आहे तो हिरावून घेण्यात. "बाईंनी आज आपल्याला तरुणाच्या बाजूला आणून बसवलं," ते म्हणाले.

हा वाद मी शिकवलेला होता! फळ्याच्या कोपऱ्यात 'बाहेर असणं' आणि 'हिरावणं' हे दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून. मला राग आला तो याचा की तो वाद माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या ताटासमोर चालला होता आणि मला तो ऐकू आला नव्हता. आणि कोरेगावहून येणाऱ्या माणसाला चार रविवारांत ऐकू आला. लय दिवस, म्हणाली ती. म्हणजे मलाच म्हणत होती. मग मी काय ऐकत होतो?

तिचं म्हणणं खोडायचा माझा हक्क मी गमावला होता, कारण तिचं व्हय मला मिळालेलं नव्हतं. ते मिळवायचं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. तिच्या चुलत बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता म्हणून आम्ही जतला गेलो. येताना तासगाव मागं पडल्यावर मी गाडी चालवता चालवता म्हणालो, "तुझं म्हणणं असं, की माणसानं दुसऱ्याला परकं ठेवूनही..."

"हे डॉक्टरांचे शब्द आहेत."

विट्यापर्यंत मी मनात वाक्य जुळवत आलो. मग पुन्हा म्हणालो, "तू माझी आहेस म्हणून मला तुझं ऐकू येत नाही. आणि ऐकू यावं म्हणून तू माझी राहू नयेस असं असेल, तर मग ऐकून मी करू काय?"

"पहिलं अर्धं व्हय," ती म्हणाली. "दुसरं अर्धं तुमचं आहे. त्याला मी कशी व्हय म्हणू?"

मी तिला विचारलं, मनापासून विचारलं, की डॉक्टरांना जे कळलं ते मला का कळत नाही. ती म्हणाली, "त्यांना माझ्याकडून काही नको असतं." हे तिनं सहज म्हटलं, टोचून नव्हे. मला मात्र कराड येईपर्यंत गाडीचा गिअर धड पडेना.

त्या आठवड्यात मी माझं उत्तर तयार केलं. तिच्या म्हणण्याला थेट हात लावायची सोय नव्हती, म्हणून मी स्वतंत्र मुद्दा मांडायचं ठरवलं. रविवारी मी उभा राहिलो आणि जर्मन गुरूची ती मालक आणि दासाची गोष्ट सांगितली. दोन माणसं समोरासमोर येतात, प्रत्येकाला समोरच्याकडून ओळख हवी असते. झुंज होते, एक मालक होतो, दुसरा राबतो. पण मालकाला जी ओळख मिळते ती फुकट जाते, कारण देणाऱ्याला तो माणूसच समजत नाही. खरं जाणतो तो राबणारा. तो वस्तूशी रोज झटतो, ती त्याच्या हाताखाली घडते. यावरून माझा सिद्धांत असा, की ओळख ही सहवासातून, झिजण्यातून, वर्षानुवर्षांच्या घर्षणातून येते. बाहेरून आलेल्याला जी ओळख पटते ती पाहुण्याची ओळख. ती स्वच्छ दिसते कारण तिला काही किंमत पडलेली नसते. मी पाहुणा हा शब्द दोनदा वापरला. मुद्दा चांगला होता. अजूनही मला तो चांगला वाटतो.

"विरोध कुणाचा?" आण्णांनी विचारलं.

डॉक्टर उठले. त्या दिवशी ते वेळेवर आले होते. नियमाप्रमाणं आधी त्यांनी माझा पूर्वपक्ष मांडायचा होता. त्यांनी सहवास, घर्षण, पाहुणा, सगळं नीट मांडलं.

"न्हाई," मी म्हणालो. त्यांनी मांडलेलं चूक नव्हतं. पण त्यांना व्हय द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

डॉक्टर बसले नाहीत. हसले नाहीत. माझ्याकडं बघत, आजारी जनावराजवळ बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाले, "मग सरांचं म्हणणं आसं हाय. ताईंना दुसऱ्या कुणी वळखू नये. सरांनी स्वतः वळखलं न्हाई तरी चालंल. पण दुसऱ्या कुणी वळखू नये."

आण्णांनी मध्ये पडायला हवं होतं, ते पडले नाहीत. वर्गात असं घरचं बोलायचं नाही असा काही नियम आहे का, हे मी आठवू लागलो. तसा नियम नव्हता. न्हाई म्हणायची मात्र मोकळीक होती. मी न्हाई म्हटलं असतं तर ते कुणालाच खोटं ठरवता आलं नसतं, आणि डॉक्टरांना मुकाट्यानं पुन्हा मांडावं लागलं असतं. मी मागच्या बाकाकडं बघितलं. बायको माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे, दयेनंही नव्हे. आता हा माणूस काय म्हणणार हे जिला ठाऊक नाही, अशा नजरेनं ती माझ्याकडं बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. "हेच."